ऑल-ग्रेन बीअरसाठी मॅश टन कोणता घ्यावा? (अमेरिका, २० लिटरची बॅच)

सातूचं_पीठ
नमस्कार मंडळी. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (तयार माल्टच्या पाकाच्या) किटवरून आता ऑल-ग्रेनकडे, म्हणजे थेट धान्यापासून बीअर करण्याकडे, वळायचं ठरवलंय. राहणं न्यू जर्सीत. मागच्या अंगणात प्रोपेनची शेगडी आहे, ३० लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. बॅच २० लिटरची, मुख्यतः पेल एल (फिकट रंगाची बीअर), अधूनमधून गव्हाची बीअर. मॅश टनसाठी, म्हणजे माल्टची भरड गरम पाण्यात ठेवून गाळायच्या भांड्यासाठी, पुढचे पर्याय दिसतात:

१) १९ लिटरचा (५ गॅलन) गोल कूलर
२) ३८ लिटरचा (१० गॅलन) गोल कूलर
३) चौकोनी पिकनिक कूलर, ४५ लिटरच्या आसपास
४) टन नकोच, पातेल्यातच कापडी पिशवी
५) विजेवरचं ऑल-इन-वन यंत्र

बजेट दीडशे डॉलर, त्यामुळे पाचवा पर्याय जवळजवळ बादच. तरी मतं हवीत. आणि आत गाळणीला काय लावावं? फॉल्स बॉटम (तळावर बसणारी भोकांची ताटली), की ती स्टीलची जाळीदार नळी?

तोटी_बंद
३८ लिटर, डोळे मिटून. हिशोब असा: एक किलो भरड पाण्यात गेली की साधारण ०.६७ लिटर जागा अडवते. किलोला २.६ लिटर पाणी धरलं तर एका किलोला ३.२७ लिटर जागा लागते. म्हणजे १९ लिटरच्या कूलरमध्ये काठोकाठ भरून पावणेसहा किलोच्या पुढे जाता येत नाही. पेल एलला ५ किलो लागतो, तो कसाबसा बसेल. साडेसहा-सात टक्क्यांची आयपीए (कडक, कडवट पेल एल) करायची म्हटलं की संपलं. ३८ लिटरमध्ये तेच गणित साडेअकरा किलोपर्यंत जातं.

मोडाची_मटकी
विषय नवीन असलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो ना, तसंच सातूला मोड आणून भट्टीत वाळवला की माल्ट. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात ती गरम पाण्यात जागी होतात आणि पिठूळ स्टार्चची साखर करतात. त्यातल्या बीटा अमायलेजला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं, अल्फा अमायलेजला ६८ ते ७२. म्हणून बहुतेक मॅश ६५ ते ६८ च्या मध्ये, तासभर. खाली ठेवलं तर बीअर कोरडी, वर ठेवलं तर अंगाने जड. मॅश टन म्हणजे हा तासभर तापमान धरणारं आणि शेवटी गोड पाणी, म्हणजे वर्ट, चोथ्यापासून वेगळं करणारं भांडं. धरून ठेवणं आणि गाळणं, ही दोनच कामं. प्रत्येक पर्याय या दोन कसोट्यांवरच तपासा.

गोधडी
पर्याय चार. ऑस्ट्रेलियातल्या होमब्रूवाल्यांनी ही पिशवीची पद्धत रूढ केली ती उगाच नाही. एक पातेलं, एक पिशवी, धुवायला कमी, गाळणी तुंबण्याचा प्रश्नच नाही. ३० डॉलरमध्ये काम होतं. मॅश झाला की पिशवी उचला, निथळू द्या, पिळा, त्याच पातेल्यात उकळी आणा.

कापड पॉलिएस्टर व्हॉइलचं घ्या, पडद्याचं असतं ते. सुती मलमल घेऊ नका. सुताचे धागे फुगतात, पिठाने भरतात आणि पिशवी निथळतच नाही. पातेल्याच्या तळाशी स्टीलची जाळी ठेवा, नाहीतर आच चालू केली की पिशवी तळाला चिकटून वितळते. मॅश चालू असताना आच पूर्ण बंद, शेगडी थंड, मग पातेलं गोधडीत गुंडाळा.

तोटी_बंद
@गोधडी, मान्य, पण धागाकर्त्याचं पातेलं ३० लिटरचं आहे. पिशवीच्या पद्धतीत सगळं पाणी एकदमच घालतात. उकळीच्या आधी २५ लिटर वर्ट हवा (तासाच्या उकळीत ३-४ लिटर वाफ होणार, लिटरभर गाळ राहणार). पिळूनही ५ किलो चोथा ३ लिटर पाणी धरून ठेवेल. म्हणजे २८ लिटर पाणी आणि ३.३५ लिटर धान्याची जागा, एकूण ३१.३५. पातेलं ओतून वाहणार. ४० लिटरचं लागेल.

गोधडी
बरोबर, पण त्यालाही वाट आहे. २० लिटर पाण्यात मॅश करा, धान्यासकट साडेतेवीस लिटर होतं, आरामात बसतं. उरलेले ८ लिटर ७५ अंशाला तापवून एका बादलीत घ्या, उचललेली पिशवी त्यात बुडवा, दहा मिनिटं हलवत ठेवा, मग निथळा. बादलीतलं पाणी पातेल्यात. पूर्ण पाण्याच्या पद्धतीपेक्षा साखरही थोडी जास्त निघते.

अटकेपार_आयपीए
ओली पिशवी उचलायच्या क्षणी १०-१२ किलोची असते आणि त्यातून ६७ अंशाचं पाणी गळत असतं. वरून कप्पी नाहीतर शिडीला अडकवलेला दोर असल्याशिवाय करू नका. एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने झारा, हे अजिबात नको.

पाना_बारा
कूलर घेणार असाल तर जोडणीचं सविस्तर लिहितो. बहुतेकांची गळती इथेच होते.

नवीन भोक पाडू नका. कूलरला मूळ तोटी असते तिचंच भोक वापरा. आतल्या बाजूचा प्लॅस्टिकचा नट डावीकडे फिरवून तोटी काढा. रबराचा मूळ वायसर बहुधा जाड आणि चांगला असतो, तो जपून ठेवा. आता अर्ध्या इंची स्टीलचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेली छोटी नळी) भोकातून जाईल असा घ्या. क्रम लक्षात ठेवा: आतून नळीची जोडणी, मग स्टीलचा सपाट वायसर, मग सिलिकॉनचा वायसर, मग कूलरची भिंत, बाहेर पुन्हा वायसर आणि शेवटी बॉल व्हॉल्व्ह. आट्यांवर टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे, आट्यांच्या दिशेनेच.

आवळताना हाताने घट्ट आणि वर पान्याने पाव फेरी. जास्त आवळलंत तर कूलरची आतली भिंत वाकते आणि वायसर एका बाजूला सरकतो. गळती तिथूनच सुरू होते.

तपासणी ७० अंशाच्या पाण्याने करा. थंड पाण्याला टिकणारी जोडणी गरम पाण्याला गळू शकते, कारण प्लॅस्टिक मऊ पडतं आणि वायसरवरचा दाब बदलतो. अर्धा तास भरून ठेवा, खाली कोरडा कागद पसरा.

आता जाळीची नळी. नळजोडणीच्या दुकानात स्टीलच्या विणीचा लवचिक पाइप मिळतो, ६० सेंटिमीटरचा घ्या. दोन्ही टोकं हॅकसॉने कापा. आता आतली प्लॅस्टिकची नळी ओढून काढायची, पण वीण ओढू नका. ओढली की ती नळीवर आवळत जाते. दोन्ही टोकांकडून वीण मध्याकडे ढकला, ती फुगते, ढिली होते आणि नळी सहज निसटते. एक टोक तीनदा दुमडून हातोडीने चपटं करा, दुसरं टोक व्हॉल्व्हच्या आतल्या बार्बवर (नळी अडकवायच्या खाचांच्या टोकावर) चढवून स्टीलच्या क्लिपने आवळा. वीण धान्याच्या वजनाने चपटी होते म्हणून आत तांब्याच्या किंवा स्टीलच्या तारेचं सैल वेटोळं घाला.

एक खबरदारी: हल्ली बाजारात स्टीलसारखी दिसणारी प्लॅस्टिकची वीण असलेले पाइपही आहेत. एक धागा काडीपेटीवर धरून बघा. वितळला तर परत करा.

मोडाची_मटकी
वीण मध्याकडे ढकलायची युक्ती वाचनखुणेत. धन्यवाद.

चाळणी
पाना_बारांशी एका मुद्द्यावर असहमत. विणीची नळी बॅच स्पार्जला (स्पार्ज म्हणजे चोथ्यात उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढणं) उत्तम, कारण तिथे दरवेळी सगळं ढवळून एकदम रिकामं करायचं असतं, प्रवाह कुठून जातो याला महत्त्व नाही. पण फ्लाय स्पार्ज करणार असाल, म्हणजे वरून शिंपडत खालून तितकंच काढायचं, तर नळीच्या आसपासचाच चोथा धुतला जातो आणि कडेचा तसाच राहतो. तिथे तळभर पसरलेलं फॉल्स बॉटम किंवा खाचा पाडलेल्या तांब्याच्या पाइपांची चौकट हवी.

गोल कूलरला घुमटाकार फॉल्स बॉटम मिळतं. त्याचा दोष असा की धान्य ओतताना ते एका बाजूने उचललं जातं आणि भरड खाली शिरते. मग व्हॉल्व्ह उघडला की दोन मिनिटांत तुंबतं. म्हणून आधी पाणी, त्याची नळी घट्ट बसलीय का ते हाताने तपासणं, आणि मगच धान्य.

पाना_बारा
@चाळणी, फ्लाय स्पार्जबाबत पूर्ण सहमत. पण घरगुती २० लिटरला फ्लाय स्पार्जची पाऊण-एक तासाची खटपट कशाला? बॅच स्पार्जचं गणित बघा: ५ किलो धान्य, १८ लिटर पाणी. चोथा ५ लिटर धरून ठेवेल, अर्धा लिटर तळात अडकेल, बाहेर येईल साडेबारा. मग साडेबारा लिटर गरम पाणी घाला, नीट ढवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा साडेबारा लिटर काढा. दोन्ही धारा सारख्या, एकूण २५. धारा जितक्या सारख्या तितकी साखर जास्त निघते. आणि १८ लिटर पाणी अधिक धान्य म्हणजे २१ लिटरच्या वर, त्यामुळे १९ लिटरचा कूलर इथेही बादच.

चाळणी
हे पटलं. मग गव्हासाठी एक भर. गव्हाला साल नसते, सातूची साल हीच नैसर्गिक गाळणी. निम्मा गहू असला की भाताची तुसं (होमब्रूच्या दुकानात मिळतात) घालायला हवीत, धान्याच्या वजनाच्या ५ टक्के. ५ किलोला २५० ग्रॅम. आधी पाण्यात धुऊन घ्या, धूळ फार असते. त्यात साखर नाही, चव नाही, फक्त थर मोकळा राहतो. राय आणि ओट्स असले तर प्रमाण दुप्पट करा, त्यांच्यातला बीटा ग्लुकान नावाचा तंतू खिरीसारखा चिकट होतो.

तरी तुंबलंच तर व्हॉल्व्ह आणखी उघडू नका, थर अजून आवळेल. व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरची नळी कूलरच्या वर उचलून धरा, मग व्हॉल्व्ह उघडून तिच्यातून दोन लिटर ७५ अंशाचं पाणी उलटं आत सोडा, खालून थर उचलला जातो. व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग पाव उघडा. पहिले दोन-तीन लिटर भांड्यात घेऊन हळूच वरून परत ओता, धारेत कण दिसेनासे होईपर्यंत.

कोकणकडा_४२२
तुसं खरंच दुकानात विकत मिळतात? आमच्याकडे गिरणीच्या मागे ढीग असतो! 😀 नाशिकहून विचारतोय, हे सगळं इथे घरी करता येतं का?

अटकेपार_आयपीए
@कोकणकडा_४२२, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी असलं तरी. पुण्यात २००९ पासून परवाना घेतलेल्या मायक्रोब्रुअरी आहेत, ताज्या बीअरसाठी तिकडे जा. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बीअरवरचा कर काढला: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००, आणि विकायची नाही. हा धागा त्या मर्यादेतला आहे.

कोकणकडा_४२२
समजलं. मग वाचनाचा आनंद घेतो. आधण, भरड, चोथा वाचून स्वयंपाकघरातच असल्यासारखं वाटतंय.

तीन_किलोवॅट
पाचव्या पर्यायाबद्दल, इंग्लंडमधल्या लेस्टरहून. ऑल-इन-वनमध्ये मॅश, निथळणं, उकळी एकाच उभ्या भांड्यात. आत जाळीचा डबा असतो, पंप वर्ट वरून फिरवत राहतो, तापमान आकड्यावर धरलं जातं. ग्रेनफादर, ब्रूझिला, जर्मन ब्राउमाइस्टर, तत्त्व सगळ्यांचं तेच.

पण अमेरिकेतल्यांनी विजेचा विचार आधी करावा. तिथल्या साध्या ११०-१२० व्होल्टच्या, १५ अँपिअरच्या प्लगवर साधारण १६०० वॅट मिळतात. २८ लिटर पाणी २० वरून ७० अंशाला न्यायला तासभर. आमच्या २३० व्होल्टच्या १३ अँपिअर प्लगवर ३००० वॅट, तेच काम ३३ मिनिटांत. पुढे ६७ वरून उकळीपर्यंत १६०० वॅटला ३६ मिनिटं, तीही उष्णता वाया जात नाही असं धरून. भांड्याला बाहेरून जाकीट आणि उकळी येईपर्यंत झाकण, हे तिथे सक्तीचं. उकळी आली की झाकण काढायचंच, नाहीतर उडून जायला हवं ते डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, माल्टमधून येणारं गंधकाचं रसायन) परत थेंबांनी आत पडतं आणि बीअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो.

प्रोपेनची शेगडी असताना धागाकर्त्याने यात पैसे घालू नयेत असं मला वाटतं. फक्त ती शेगडी गॅरेजमध्ये आणू नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

म्युनिकची_वहिनी
कूलरविरुद्ध एक आक्षेप कायम ऐकू येतो की त्याला आच देता येत नाही, म्हणून तापमानाच्या पायऱ्या करता येत नाहीत. तसं नाही. इकडे बव्हेरियात जुनी रीत डिकॉक्शनची: मॅशचा घट्ट भाग काढायचा, वेगळ्या पातेल्यात उकळायचा, परत मिसळायचा. ६३ वरून ७२ ला जायचं तर ७२ मधून ६३ वजा, भागिले १०० मधून ६३ वजा, म्हणजे ९ भागिले ३७, जवळजवळ पाव हिस्सा. भांडी उष्णता खातात म्हणून ३० टक्के काढा. पाणी कमी, दाणे जास्त असा भाग घ्या. विकरं पातळ भागात असतात, ती उकळून मारायची नाहीत. १५ मिनिटं उकळा, सतत ढवळत, खरवड लागली की वास जात नाही. परत घालताना थोडं थोडं, थर्मामीटर बघत. ७२ झाले की उरलेलं बाजूला निवू द्या.

एवढा खटाटोप नको असेल तर उकळतं पाणी घाला. ५ किलो आणि १५ लिटरच्या मॅशला ६३ वरून ७२ ला न्यायला साडेपाच लिटर लागतं. ३८ लिटरच्या कूलरमध्ये त्याला जागा आहे, १९ मध्ये नाही.

जर्मनीत २०२४ पासून घरगुती बीअर वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमुक्त आहे, आधी २०० होती. कुणी इकडे राहत असेल तर उपयोगी.

गोधडी
वहिनी, डिकॉक्शनचं गणित इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. एकच पुस्ती: पिशवीच्या पद्धतीत याच पायऱ्या थेट शेगडीवर होतात. तळाला जाळी ठेवा, आच मंद, ढवळणं सोडू नका.

मोडाची_मटकी
चोथ्याचं काय करता सगळे? ५ किलोचा ओला चोथा ९-१० किलो भरतो.

म्युनिकची_वहिनी
त्याच दिवशी पसरून ९० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवायचा, ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो. दळून थालीपिठाच्या भाजणीत पाव हिस्सा घाला. साखर वर्टमध्ये गेलेली असते, राहतो तो तंतू आणि प्रथिनं. त्याहून जास्त घातला तर थालीपीठ तुटतं. हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) लागलेला चोथा मात्र नको, आणि कुत्र्यांना हॉप्स विषारी, तो कचऱ्यातही झाकूनच टाका.

तोटी_बंद
मूळ मुद्द्याकडे. कूलर घेतल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांचं तापमान चुकतं, म्हणून आधणाचं गणित देऊन ठेवतो. आधणाचं तापमान = (०.४१ ÷ किलोमागे लिटर) × (हवं ते मॅश तापमान − धान्याचं तापमान) + हवं ते मॅश तापमान. धान्य २० अंश, मॅश ६७, पाणी किलोला ३.६ लिटर: ०.४१ भागिले ३.६, गुणिले ४७, म्हणजे ५.४. आधण ७२.४.

या सूत्रात कूलर स्वतः जी उष्णता खातो ती धरलेली नाही. थंड कूलर एक-दोन अंश सहज खातो. म्हणून आधण ७६ ला कूलरमध्ये ओता, झाकण लावा, दहा मिनिटांनी ढवळून मोजा. ७२.४ वर येईपर्यंत झाकण उघडं ठेवून ढवळा आणि मगच धान्य. भरड तीन-चार हप्त्यांत घाला, पिठल्याला बेसन लावतो तसं ढवळत. गुठळीच्या आतलं पीठ तासभर कोरडंच राहतं, तिची साखर होत नाही. मोजताना मध्ये, कडेला आणि तळाशी, तीन ठिकाणी.

पाना_बारा
+१. चौकोनी कूलरचं झाकण बहुधा पोकळ असतं, आत फोम नसतो, उष्णता तिथूनच जाते. घेतलाच तर झाकणाला आतून दोन छोटी भोकं पाडून फुगणारा फोम भरा, थोडा थोडा, एकदम भरला तर झाकण फुगून वाकतं. गोल कूलरच्या वर जाड टॉवेल पुरतो, तासाला एखादा अंश जातो, चालतं.

चाळणी
आणि टन कुठलाही घ्या, भरड चुकली तर काही उपयोग नाही. गिरणीच्या रुळांमधलं अंतर कूलरला १ मिलिमीटरच्या आसपास, पिशवीला ०.७-०.८ चालतं. दाणा फुटलेला हवा, साल शक्यतो अखंड. मूठभर भरडीत एकही अख्खा दाणा दिसायला नको. दुकानातून दळून घेणार असाल तर पहिली बॅच त्यांच्या सेटिंगवर करा. ५ किलो, २५ लिटर, ७२ टक्के कार्यक्षमता (धान्यातली किती साखर वर्टमध्ये आली) धरली तर उकळीआधी गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४३ यायला हवं. १.०३५ आलं तर टन बदलू नका, आधी भरड बघा, मग थर्मामीटर (बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का?), मग मॅशचा पीएच, तो ५.२ ते ५.६ मध्ये हवा.

सातूचं_पीठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ३८ लिटरचा गोल कूलर, विणीची नळी, बॅच स्पार्ज. गव्हाच्या बॅचला तुसं. एकच शंका राहिली: पाना_बारांनी तळात अर्धा लिटर अडकेल असं धरलंय, माझ्या कूलरला नेमकं किती हे आधी कसं कळेल? आणि कूलर थोडा तिरका केला तर चालेल?

पाना_बारा
धान्य न घालता मोजा. नळी जोडून ५ लिटर पाणी मोजून ओता, व्हॉल्व्ह उघडा, धार थांबेपर्यंत थांबा, बाहेर आलेलं मोजा. वजाबाकी म्हणजे तुमचा अडकणारा भाग. व्हॉल्व्हच्या बाहेर नळी लावून तिचं टोक पातेल्यात खाली सोडा, सायफनची ओढ लागते आणि आणखी थोडं निघतं. तीही नळी लावूनच मोजा. तिरकं करायचं तर मागच्या बाजूला दोन सेंटिमीटरची फळी, पण ती धान्य घालायच्या आधीच ठेवा. भरलेला कूलर मध्येच हलवला की बसलेला थर फुटतो आणि पुन्हा गढूळ धार सुरू.